कॉर्नवॉलच्या कड्यांवरून, अनोळखी मंडळींसोबत: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉलचा किनारा आहे. काळे कातळ, खाली फुटणारा अटलांटिक आणि कड्याच्या काठाकाठाने जाणारी अरुंद पायवाट. इथे आठवडाभर लीडरसोबत, दहा-पंधरा अनोळखी लोकांच्या गटात चालायचं आणि संध्याकाळी त्याच लोकांबरोबर जेवायचं, अशी सुट्टी ब्रिटनमध्ये शंभराहून अधिक वर्षं रुजलेली आहे. आपल्याकडून जाणाऱ्यांचा गोंधळ दोन ठिकाणी होतो: वाट किती अवघड आहे याचा अंदाज चुकतो, आणि ‘गट’ म्हणजे नेमकं काय ते कळत नाही. व्हिसा, तिकीट वगैरे गोष्टी त्या मानाने सरळ आहेत. त्यामुळे या लेखात त्या दोन मुद्द्यांवर जास्त बोलतो, बाकीचं थोडक्यात.

१. आधी वाट समजून घ्या

या वाटेचं नाव साउथ वेस्ट कोस्ट पाथ. सॉमरसेटमधल्या माइनहेडपासून डॉर्सेटमधल्या पूल हार्बरच्या तोंडापर्यंत ६३० मैल, म्हणजे सुमारे १०१४ किलोमीटर. वाटेवरच्या खांबांवर ओकच्या फळाचं चित्र असतं. इंग्लंड आणि वेल्समधल्या राष्ट्रीय पायवाटांची ही खूण आहे, ती डोळ्यांत बसवून घ्या.

ही वाट तस्करांवर नजर ठेवणाऱ्या तटरक्षकांच्या पायांनी पडली. प्रत्येक लहान खाडीत, प्रत्येक घळीत डोकावता यावं म्हणून ते कड्याच्या अगदी काठाने चालत. त्यामुळे ही वाट सोयीची नाही. ओढा समुद्राला मिळतो तिथे ती खाली उतरते, पलीकडे पुन्हा तेवढीच चढते आणि अर्ध्या तासाने पुढचा ओढा येतो. उंची फार नाही, बहुतेक कडे शंभर मीटरच्या आसपास. पण पूर्ण वाटेवरच्या चढांची बेरीज सुमारे ३५,००० मीटर भरते, म्हणजे एव्हरेस्टच्या उंचीच्या जवळपास चौपट.

सह्याद्रीत किल्ले चढणाऱ्यांची गफलत इथेच होते. किल्ल्याचा एक मोठा चढ संपला की माथा मिळतो, मग बसायचं. इथे माथा नाही. दिवसभरात सहा-आठ वेळा तेच, आणि दम जातो त्याहून जास्त गुडघे दुखतात, कारण जितके चढ तितकेच उतार.

२. कुठला पट्टा निवडायचा

आठवड्याच्या सहलीत वाटेचा एखादा तुकडाच होतो. नवख्यांसाठी माझ्या मते पसंतीचा क्रम असा:

पॅडस्टो आणि पोर्ट आयझॅकचा परिसर: उत्तर किनारा, छोटी मासेमारीची बंदरं, मध्यम चढउतार. पोर्ट आयझॅक ते पॅडस्टो हा सुमारे १९ किलोमीटरचा टप्पा मात्र मध्यम समजू नका.

लिझर्ड द्वीपकल्प: मुख्य ब्रिटनचं दक्षिण टोक. कायनन्स कोव्हला हिरवट-लाल सर्पेंटाइन खडक आणि पांढरी वाळू एकत्र दिसते. कॉर्नवॉलचा मानाचा पक्षी, लाल चोचीचा आणि लाल पायांचा चफ, इथून नाहीसा झाला होता. तो २००१ साली आपणहून परतला तो याच भागात. चालायला तुलनेने सोपं.

सेंट आयव्हज ते पेन्झान्स: लँड्स एंडला वळसा घालून जाणारा पट्टा, आणि मला सर्वांत आवडणारा. बोटॅलॅकला कड्याच्या पोटात जस्तासारख्या राखी रंगाची दोन इंजिनघरं उभी आहेत. तिथल्या खाणीचे बोगदे समुद्रतळाखाली गेलेले होते. कॉर्नवॉल आणि पश्चिम डेव्हनचा हा खाणप्रदेश २००६ पासून जागतिक वारसा आहे. पुढे पोर्थकर्नोचा किनारा लागतो. १८७० साली समुद्राखालची तार इथे किनाऱ्याला लागली आणि लंडन थेट मुंबईशी जोडलं गेलं. गटात तुम्ही एकटेच भारतीय असलात तर इथे तुम्हाला दोन शब्द बोलायला लावतील, तयारीत असा. या पट्ट्यातला सेंट आयव्हज ते झेनॉर हा तुकडा लांबीला फक्त दहा-अकरा किलोमीटर आहे, पण दगडांवरून उड्या मारत, चिखल चुकवत जावं लागतं. त्याला अर्धा दिवस पुरत नाही.

हार्टलंड ते ब्यूड हा टप्पा पहिल्या वर्षी नको. एकामागून एक दऱ्या ओलांडायच्या असतात आणि मधे वाट सोडून बस पकडायची सोय जवळपास नाही.

काळ म्हणाल तर मे, जून किंवा सप्टेंबर. मे महिन्यात कड्यांवर थ्रिफ्टची गुलाबी फुलं असतात आणि जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड. सप्टेंबरात समुद्र त्यातल्या त्यात कोमट असतो. जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टभर शाळांच्या सुट्ट्या असतात, तेव्हा गर्दी आणि भाडी दोन्ही वाढतात.

३. श्रेणी: इथे खोटं बोलू नका

प्रत्येक संस्था सहलींना श्रेणी देते: सोपी, मध्यम, कठीण, किंवा एक ते पाच आकडे. एका संस्थेची ‘मध्यम’ दुसरीच्या ‘मध्यम’शी जुळत नाही. म्हणून विशेषणं सोडा, रोजचे दोन आकडे मागा: अंतर आणि एकूण चढ. अंतर मैलांत मिळेल (१ मैल म्हणजे १.६ किलोमीटर), चढ फुटांत किंवा मीटरांत.

मग नेस्मिथचा नियम लावा. १८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो मांडला: दर ५ किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा दिवस १८ किलोमीटरचा आणि चढ ७०० मीटरचा आहे. हिशेब पावणेपाच तासांचा येतो. यात थांबणं धरलेलं नाही. जेवण, चहा, फोटो, कुंपणांच्या पायऱ्या आणि ‘तो बघा सील’ हे सगळं धरून गटाला सात तास लागतात. सात तास पायांवर राहून दुसऱ्या दिवशी पुन्हा निघता येईल का, हा प्रश्न स्वतःला विचारा. एक दिवस दणकून चालणं वेगळं, सलग पाच दिवस चालणं वेगळं.

दोन श्रेणींमध्ये अडकलात तर खालची घ्या. वरची घेऊन रोज शेवटी राहिलात तर सगळा गट तुमच्यासाठी थांबतो. कुणी तोंडावर काही बोलत नाही, आणि तेच जास्त लागतं. शिवाय शेवटच्या माणसाचं एक गणित असतं: तो पोहोचतो तेव्हा बाकीच्यांची विश्रांती संपलेली असते. ज्याला सर्वांत जास्त विसावा हवा त्यालाच तो मिळत नाही.

तयारीसाठी निदान दोन महिने आधीपासून जिने चढा आणि उतराही. आठवड्यातून एकदा पाठीवर ५-६ किलो घेऊन तीन-चार तास चाला, आणि कधीतरी लागोपाठ दोन दिवस.

४. पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

एकाच ठिकाणी मुक्काम आहे की रोज नवं गाव? पहिल्यांदा जाताय तर एकच मुक्काम बरा. पाय दुखले की एक दिवस चालणं सोडून गावात फिरता येतं. रोज गाव बदलत असेल तर सामान गाडीने पुढे जातं का, ते विचारा.

एका दिवशी दोन-तीन वेगवेगळ्या लांबीचे पर्याय असतात का? मोठ्या संस्थांमध्ये असतात. एचएफ हॉलिडेज ही १९१३ साली स्थापन झालेली संस्था त्यातली एक. तिचा संस्थापक टी. ए. लेनर्ड हा लँकेशरमधला पाद्री. गिरणीकामगारांना त्याने डोंगरात चालायला न्यायला सुरुवात केली, ती १८९१ साली. एकत्र चाला, एकत्र जेवा, संध्याकाळी एकत्र खेळा ही रीत तेव्हापासूनची.

लीडरकडे कुठली पात्रता आहे? प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालेलं आहे का?

एकट्याला स्वतंत्र खोली मिळते का आणि तिचे जादा पैसे किती? जाहिरातीतली किंमत बहुतेकदा दोघांत एक खोली धरून असते. एकटे जाणारे इथे फसतात.

किमान किती लोक झाले नाहीत तर सहल रद्द होते, आणि ते कधी कळवतात? हे कळण्याआधी विमानाचं परत न मिळणारं तिकीट काढू नका.

गटाचं साधारण वय काय? बऱ्याच सहलींत निवृत्त मंडळी जास्त असतात. त्यावरून हलक्यात घेऊ नका. सत्तरीतल्या बायका चढावर गप्पा मारत पुढे निघून जातात.

एक कायद्याची गोष्ट. निवास आणि इतर सेवा एकत्र विकणाऱ्या ब्रिटिश संस्थेला, २०१८ च्या पॅकेज प्रवास नियमांनुसार, संस्था बुडाली तर ग्राहकाचे पैसे सुरक्षित राहतील अशी तजवीज करावी लागते. ती कशी केली आहे, हे बुकिंगच्या कागदावर लिहिलेलं असलं पाहिजे.

५. कागदपत्रं

- पासपोर्ट आणि स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा. अर्ज प्रवासाच्या फार तर तीन महिने आधी करता येतो. निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो, पण उन्हाळ्याच्या तोंडावर थोडा जास्त वेळ हाताशी ठेवा.
- बुकिंगची पावती, मुक्कामाचा पत्ता, परतीचं तिकीट.
- प्रवास विमा. ‘किनारी पायवाटेवरचं चालणं’ त्यात येतं का आणि सुटकेचा, मायदेशी परत आणण्याचा खर्च येतो का, ते वाचून घ्या. ब्रिटनमध्ये अपघात विभागातले उपचार मोफत आहेत, पण हॉस्पिटलात दाखल झाल्यावरचा खर्च परदेशी पाहुण्याकडून वसूल करतात, आणि तो मोठा असतो.
- औषधांची चिठ्ठी, औषधाच्या मूळ नावासह.
- संस्थेचा आरोग्य फॉर्म. दमा, मधुमेह, गुडघ्याची शस्त्रक्रिया, उंचीची भीती, सगळं लिहा. उंचीची भीती तर आवर्जून. लीडरला आधी कळलं तर अरुंद जागी तो तुम्हाला आपल्या मागे घेतो.

६. बॅगेत काय

बूट घोट्यापर्यंतचे, आणि आधी वापरून मऊ झालेले. पावसाचं जॅकेट हवंच आणि पावसाची पँटही हवी, कारण इथला पाऊस आडवा येतो. छत्री आणू नका, पहिल्याच टेकाडावर उलटेल. जीन्स नको, भिजली की दिवसभर वाळत नाही. पाठपिशवी २५-३० लिटरची. तिच्यावरच्या कव्हरपेक्षा आतली जाड प्लास्टिकची पिशवी भरवशाची, कव्हर वाऱ्याने उडतं. लोकरीचे मोजे, पातळ स्वेटर, कानटोपी, हातमोजे (जूनमध्येसुद्धा), सनस्क्रीन, दीड-दोन लिटर पाणी, शिट्टी, डबा, पायाच्या फोडांसाठी पट्ट्या, गुडघे कुरकुरत असतील तर काठ्या. सनस्क्रीनला हसू नका. गार वाऱ्यात ऊन जाणवत नाही आणि संध्याकाळी कान सोललेले असतात.

नकाशा लीडरकडे असतो, तरी स्वतःचा घ्या. लँड्स एंड भागाचा ऑर्डनन्स सर्वेचा १०२ क्रमांकाचा, १:२५,००० प्रमाणाचा नकाशा घेऊन संध्याकाळी दिवसाची वाट बोटाने शोधायला मजा येते.

७. पोहोचणं

लंडनच्या पॅडिंग्टनहून पेन्झान्सची थेट गाडी आहे, साधारण पाच तास. सेंट आयव्हजला जायचं तर सेंट अर्थला उतरून छोटी गाडी पकडा, ती समुद्राला लगटून जाते. शनिवार सोडून रोज रात्री झोपायची गाडीही सुटते. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. विमानातून उतरून त्याच दिवशी कॉर्नवॉल गाठायचा अट्टहास करू नका, निदान एक रात्र मधे ठेवा.

८. कडा, भरती आणि वारा

लीडर असला तरी हे स्वतःला माहीत असावं.

कड्याच्या काठावर गवत असतं आणि त्याखाली माती असेलच असं नाही. लाटांनी खालून पोखरलेला काठ वरून भक्कम दिसतो. फोटोसाठी मागे मागे सरकणं हा सर्वांत मूर्ख प्रकार. जेवायला बसाल तेव्हा काठापासून लांब बसा, आणि खाली किनाऱ्यावर असाल तर कड्याच्या पायथ्याशी बसू नका, दगड सुटतात. टोकावर वळताना वाऱ्याचा झोत अचानक येतो. तिथे वाटेच्या आतल्या बाजूने, जमिनीकडून चाला.

खाणींच्या भागात वाट सोडून झुडपात शिरू नका. जुन्या विहिरींसारख्या खाणींची तोंडं अजून आहेत.

भरती-ओहोटी कोकणातल्या माणसाला शिकवायची गरज नाही: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. फरक पाण्याच्या उंचीत आहे. इथे उधाणाला पाणी पाच मीटरहून जास्त चढ-उतार करतं, आणि दोन कड्यांमधली वाळू बघता बघता कापली जाते. सापळा वेळेचा आहे. काही छापील तक्त्यांत वेळा ग्रिनिच प्रमाणे दिलेल्या असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत घड्याळं तासाने पुढे असतात, म्हणून त्यात एक तास मिळवावा लागतो. तक्त्याच्या तळाशी लिहिलेलं असतं, ते वाचा. मॅराझायनहून सेंट मायकल्स माउंट या बेटाला जाणारी दगडी वाटही ओहोटीलाच उघडते.

पोहायचं असेल तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे.

संकटात ९९९ किंवा ११२ लावा आणि ‘कोस्टगार्ड’ मागा. घळीत रेंज जाते. ब्रिटिश सिम असेल तर ९९९ ला इंग्रजीत ‘रजिस्टर’ असा संदेश पाठवून आधीच नोंदणी करून ठेवा, मग बोलता आलं नाही तरी संदेशाने मदत मागता येते. शिट्टीची खूण: मिनिटात सहा, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा.

गायींच्या कुरणातून वाट जाते तेव्हा गाय आणि वासराच्या मधून जाऊ नका. उन्हात पहुडलेला ॲडर हा ब्रिटनमधला एकमेव विषारी साप, त्याला वाट द्या, तो निघून जातो. संध्याकाळी पायांवर गोचीड आहे का बघा, काहींमधून लाइम रोग पसरतो.

९. मंडळी

आता खरा विषय. या सहलीला लोक वाटेसाठी येतात तितकेच माणसांसाठी येतात. एकटे येणारे खूप असतात.

अरुंद वाटेवर एकामागे एक चालावं लागतं, गप्पा तुटतात, पुढे रुंद कुरण आलं की नव्या जोड्या जमतात. कुंपणाच्या पायऱ्यांवर आणि एकाच माणसाला आत घेणाऱ्या फाटकांवर क्रम आपोआप बदलतो. तो बदलू द्या. आपल्या ओळखीच्या माणसाला धरून ठेवलंत तर आठवडा संपेपर्यंत तुम्ही दोघंच राहता. नवरा-बायको गेलात तर चालताना वेगळे चाला, जेवताना वेगळ्या टेबलावर बसा. घरी आहेच एकत्र बसणं.

सुरुवात हवामानाने करायची. पगार, जात, धर्म, लग्न का नाही केलं, मुलं किती हे आपले पहिले पाच प्रश्न तिथे पाचव्या दिवशीही चालत नाहीत. कुत्रा, बाग, आधी केलेल्या वाटा, गुडघे यांवर तासभर निघतो. आणि चढावर कुणी गप्प असेल तर त्याला बोलायला लावू नका, त्याला श्वास हवा आहे.

लीडरच्या पुढे जाऊ नका. सगळ्यांत मागे एक माणूस नेमलेला असतो, त्याच्याही मागे राहू नका. आडोशाला जायचं असेल तर मागच्या माणसाला सांगा आणि आपली पिशवी वाटेवर ठेवा. पिशवी दिसली की माणूस मागे आहे हे सगळ्यांना कळतं. फाटक जसं होतं तसंच सोडा, उघडं तर उघडं, बंद तर बंद.

पबमध्ये ‘राउंड’ची पद्धत आहे. एकजण सगळ्यांसाठी पेयं आणतो, पुढची पाळी दुसऱ्याची. दारू पीत नसाल तरी सोडा किंवा सरबत घेऊन सामील होता येतं, पण सामील झालात तर आपली पाळी चुकवू नका. नको असेल तर पहिल्याच फेरीआधी ‘मी माझं बघतो’ म्हणा, कुणी वाईट मानत नाही. रात्री प्रश्नमंजूषा असते. टीव्ही मालिकांचे प्रश्न येतील, तुम्हाला काही येणार नाही. क्रिकेटचे आले की बघा.

१०. खाणं

शाकाहारी असाल तर बुकिंगच्या फॉर्मवर लिहा आणि पोहोचल्यावर पुन्हा सांगा. मासे चालत नाहीत हेही वेगळं सांगा, कारण काहींच्या हिशेबी ते शाकाहारातच बसतं. पास्टी ही इथली खास करंजी. ‘कॉर्निश पास्टी’ या नावाला २०११ पासून संरक्षण आहे आणि त्या नावाने विकायची तर आत गोमांस असावंच लागतं. गोमांस खात नसाल तर चीज-कांद्याची किंवा भाज्यांची मागा, आणि दुकानदाराला विचारूनच घ्या, बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात.

क्रीम टी, म्हणजे चहासोबत स्कोन (छोटा गोडसर पाव), जॅम आणि साय, घ्यायला बसलात की स्कोनवर आधी जॅम आणि मग साय, ही कॉर्नवॉलची रीत. शेजारच्या डेव्हनमध्ये उलटी. त्यावर वाद घालायला सगळ्यांना आवडतं, तुम्हीही एक बाजू घ्या.

नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटल्या विकत घेऊ नका. कार्ड सगळीकडे चालतं, पण शेताच्या फाटकाशी डबा ठेवून अंडी किंवा केक विकतात तिथे सुटी नाणी लागतात. शेवटच्या संध्याकाळी बूट धुऊन, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून ठेवा, आणि परतीच्या गाडीत जागा आरक्षित आहे ना, ते त्याच रात्री तपासा. शनिवारी पेन्झान्सहून निघणाऱ्या गाड्या भरलेल्या असतात.